गाळ्यावर बसण्याआधी

बाळा, सोमवारपासून तू वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात आपल्या गाळ्यावर बसणार, म्हणून लिहितोय.

आधी पट्टी लिहायला शीक. जुन्नरकडचा शेतकरी गाडी भरून देतो आणि आपल्यावर सोडून देतो. माल कसा विकला हे त्याला पट्टीवरूनच कळतं. वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं, सगळं स्वच्छ अक्षरात. आडत, म्हणजे आपलं कमिशन, २०१६ पासून खरेदीदाराकडून घ्यायची, शेतकऱ्याच्या पट्टीत तिला जागा नाही. भाव पडला, तर पट्टी जायच्या आधी तू स्वतः फोन कर. तुझे आजोबा पोस्टकार्ड टाकायचे.

१९८१ साली हा बाजार मुंबईतून इथे आला, तेव्हा वाशीपर्यंत गिऱ्हाईक येईल का याचीच धास्ती होती. तरी शेतकरी आजोबांच्या नावाने माल पाठवत राहिले, म्हणून तुला आज तयार गादी मिळतेय. त्यांचे उपकार तूही मानावेस, असं मला मनापासून वाटतं.

माथाडींना अहो-जाहो कर. ओला कांदा त्यांच्या हाताला लगेच कळतो, ते त्यांच्याकडूनच शिकायचं. त्यांची मजुरी माथाडी बोर्डातच भरायची, कितीही घाई असली तरी.

पहिला महिनाभर गल्ल्यावर बसू नकोस, गाडी उतरताना उभा राहा.