वाचकांचे प्रश्न : शाळेच्या भिंतीपलीकडचा परिसर

प्रश्न : आमचे गाव पांझरा नदीच्या काठी आहे. पर्यावरण शिक्षणासाठी खर्च करावी म्हणून गावकऱ्यांनी शाळेसाठी वर्गणी जमा केली आहे. आवारात बाग करावी, भिंतींवर प्राण्यांची चित्रे काढावीत आणि पावसाळ्यात वृक्षारोपणाचा मोठा कार्यक्रम घ्यावा, असे अनेकांचे मत आहे. शाळा व्यवस्थापन समितीची पालक-सदस्य या नात्याने मला आपले मत हवे आहे.
– एक पालक, साक्री तालुका

उत्तर : बागेला किंवा चित्रांना आमचा विरोध नाही, परंतु त्यांवर वर्गणी संपवू नये, असे आम्हाला मनापासून वाटते. मुलांना परिसर कळतो तो एकाच जागी वर्षभर पुन्हा पुन्हा जाऊन, तिथे काय बदलले ते स्वतः पाहून आणि वहीत तारखेनिशी लिहून ठेवून. त्यामुळे शाळेपासून पायी जाता येईल अशी एक जागा निवडावी. गायरानाचा तुकडा, नाल्याकाठचा पळस, कठडा असलेली एखादी विहीर यांपैकी काहीही चालेल. प्रत्येक वर्गाने महिन्यातून दोनदा तरी तिथे जावे.

विहिरीचेच पाहा. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारून टोकाला दगड बांधावा, कठड्यापासून पाण्यापर्यंत किती गाठी सुटल्या ते मोठ्या माणसाने मोजावे आणि मुलांनी लिहून घ्यावे. शाळेच्या मोकळ्या आवारात सरळ भिंतींचा डबा पर्जन्यमापक म्हणून ठेवावा. डब्यात एक मिलिमीटर पाणी साचले, म्हणजे जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी पडले, हे गणित पाचवीच्या मुलाला सहज जमते; ते जमले की शाळेच्या छतावर किती पाणी पडून वाहून गेले, याचा हिशेब मुले आपणहून मांडू लागतात. पोळ्यापासून होळीपर्यंतच्या नोंदी एका आलेखावर आल्या, की पाऊस सरल्यावर विहिरीत पाणी किती दिवस टिकते आणि रब्बीचे भरणे सुरू झाल्यावर ते किती वेगाने उतरते, हे सांगायला शिक्षकांची गरज उरत नाही.

आपल्या नदीकाठी तर याहून मोठा धडा पूर्वजांनीच मांडून ठेवला आहे. पांझरेवरील फड पद्धतीत बंधाऱ्याने अडवलेले पाणी उताराच्या बळावर पाटातून शेतांकडे जाते, भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडलेले असतात, एका फडात एका हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे असते आणि पाणी शेतकऱ्याने स्वतः न घेता पाटकऱ्याने पाळीप्रमाणे द्यायचे असते. ही व्यवस्था शेकडो वर्षे चालली ती गावाने आपापसांत पाळलेल्या नियमांमुळे, आणि ते नियम आज तोंडपाठ असलेली माणसे वयोवृद्ध झाली आहेत. अशा एखाद्या जुन्या पाटकऱ्याला वर्गात नव्हे, तर बंधाऱ्यावर मुलांसमोर बोलते करावे आणि त्यांना सन्मानाने मानधन द्यावे. वर्गणीचा पहिला खर्च हाच असावा. त्यानंतर मोजपट्ट्या, भिंगे, जाड पुठ्ठ्याच्या वह्या आणि प्रथमोपचाराची पेटी घ्यावी. यांना फार पैसे लागत नाहीत.

वृक्षारोपण करायचेच असेल, तर झाडे थोडी लावावीत आणि ती इथल्या मातीची असावीत. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. खान्देशच्या उथळ, मुरमाड जमिनीत आणि कडक उन्हाळ्यात तग धरणारा अंजन मात्र आपला आहे. त्याचे वीतभर रोप वरून किरकोळ दिसले, तरी त्याचे सोटमूळ त्याहून कितीतरी खोल उतरलेले असते, म्हणून लहान पिशवीत फार दिवस अडकवून ठेवलेले रोप पुढे नीट वाढत नाही. मुलांनी बी गोळा करण्यापासून सुरुवात केली, तर हे सारे त्यांना डोळ्यांनी दिसेल. रोपांना गुराढोरांपासून राखणे आणि पहिले काही उन्हाळे पाणी घालणे ही जबाबदारी मात्र गावाने घ्यावी, कारण मे महिन्यात शाळा बंद असते.

आणखी एक सूचना. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे मुख्य काम असते. मुलांच्या नोंदी वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचाव्यात, पारखून घ्याव्यात आणि योग्य त्या या नोंदवहीत उतरवाव्यात. आपण लिहिलेले गावाच्या कामी येते हे कळल्यावर मुले अधिक काटेकोरपणे लिहितात.

प्रश्न : मी सहावी-सातवीला शिकवतो. मुलांना शिवारात नेण्याचा विषय काढला, की ऊन, साप आणि बुडणारा अभ्यास ही तीन कारणे पालक पुढे करतात. त्यांची समजूत कशी घालावी?
– एक शिक्षक, यावल तालुका

उत्तर : पहिली दोन कारणे खरी आहेत आणि पालकांसमोर ती तशीच मान्य करावीत. जळगाव-भुसावळ भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा होळीनंतर बाहेरचा तास सकाळीच घ्यावा आणि एप्रिलपासून तो सावलीपुरताच ठेवावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप मुलांना चित्रांवरून ओळखता आले पाहिजेत; पायांत बूट असावेत, दगडाखाली किंवा बिळात हात घालू नये. दंश झालाच, तर तो भाग हलू न देता आणि दोरीने आवळून न बांधता १०८ क्रमांकावर फोन करून थेट रुग्णालय गाठावे. मांत्रिकाकडे एक क्षणही घालवू नये. आग्या मोहोळ असलेल्या झाडापासून दूर राहावे. केळीच्या बागेत जायचे असेल, तर फवारणी कधी झाली हे मालकाला आधी विचारावे. आमच्या मते साप परवडला, पण नुकतीच फवारलेली बाग नको. यावल अभयारण्यात सहल न्यायची असल्यास वनविभागाची परवानगी आधी घ्यावी लागते.

अभ्यास बुडण्याचे कारण मात्र टिकणारे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचे निर्देश दिले, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये आपल्याच सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवलेले आहेत. सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकण्याची कल्पनाही त्यातच आहे. प्रत्येक फेरीत दोन पालकांना सोबत न्यावे. आपले मूल बांधावर काय शिकते हे एकदा पाहिलेला पालक इतरांची समजूत आपल्यापेक्षा चांगली घालतो.

प्रश्न : आमच्या पाड्यावरील मुलांना रानभाज्या ओळखता येईनाशा झाल्या आहेत. शाळेत रानभाज्यांचा महोत्सव भरवावा का?
– एक तरुण, नंदुरबार जिल्हा

उत्तर : अवश्य भरवावा. साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने राखलेल्या जंगलाच्या आधारे रानभाज्यांची पाककृती स्पर्धा सुरू केली आणि टिकवली. त्या कामाचे धुरीण चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. शक्य झाल्यास शिक्षक व ग्रामस्थांनी आधी तिथे जाऊन यावे. आपल्याकडे सुरुवात लहान ठेवावी. पावसाळ्यात पाड्यावरील जाणत्या बायांसोबत मुलांनी रानात जावे, करटुली, टाकळा, कुर्डू अशा भाज्या ओळखाव्यात, वेलाला व रोपाला धक्का न लावता लागेल तेवढेच खुडावे आणि भिलीतील किंवा पावरीतील नावही वहीत लिहावे. जाणत्या माणसाने खात्री दिल्याखेरीज एकही पान तोंडात घालायचे नाही, हा नियम मात्र पहिल्याच दिवशी सर्वांना सांगावा. महोत्सवात बक्षिसे ठेवणार असाल, तर ती पदार्थाच्या सजावटीसाठी न ठेवता भाजी कुठे उगवते, कधी खुडायची आणि कशी शिजवायची हे नीट सांगणाऱ्या मुलांसाठी ठेवावीत.