प्लॉट म्हणून विकलं जाणारं खाजन

म्हापशाचे 63 वर्षांचे एक वाचक विचारतात: मांडवीकाठी 300 चौरस मीटरचा प्लॉट 30 लाखांना मिळतोय. पेन्शन नाही, ठेवी 45 लाखांच्या. ठेव मोडू की कर्ज काढू? शेवटी जाता जाता लिहितात: एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या नोंदीवर) भातशेती आहे, झोन इको-1, म्हणजे बांधकामाला बंद असलेला; एजंट म्हणतो वर्षभरात सेटलमेंट, म्हणजे घरं बांधता येणारा झोन, होईल, चार वर्षांत पैसे दुप्पट. तोवर मुखत्यारपत्र घ्या. दोन लाख टोकन दिलंय.

ठेव की कर्ज हे राहू द्या. गोव्याच्या 2023 च्या कायद्याने भातशेतीची जमीन घरासाठी बिगर-शेतकऱ्याला विकताच येत नाही. खरेदीखताऐवजी मुखत्यारपत्र पुढे केलं जातंय ते त्यामुळेच. त्या कागदावर तुम्ही मालक होत नाही.

झोन बदलेल ही आशाही सोडा. प्रादेशिक आराखडा 2021 मध्ये खाजनं, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेली सखल भातशेती, इको-1 मध्ये आहेत; तुमचा प्लॉट त्यातलाच. नगर नियोजन कायद्याच्या कलम 17(2) खाली तुकड्यातुकड्याने झोन बदलण्याचे नियम उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केले. झोन बदलण्याच्या दुसऱ्या वाटेला, कलम 39-अ लाही, आव्हान दिलेलं आहे.

आणि समजा, बदललाच झोन. भरतीला मानशीची, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या झडपेची, दारं मिटतात, तेव्हा डोंगरावरून आलेलं पावसाचं पाणी खाजनात थांबतं आणि ओहोटीला नदीत जातं. खाजन म्हणजे गावाची पाण्याची तिजोरी. तिथे मातीचा भराव घातला की पाणी शेजारच्या घरांत शिरतं, पुढे रस्त्यावर येतं. इको-1 ची रेघ पूरही अडवते, आणि ती फुकटात मिळालेली आहे. तुमचं घर त्या पाण्याच्या जागेवर उभं राहील. जोतं कितीही उंच घ्या, जूनच्या भरतीत गाडी दारापर्यंत जाणार नाही. असं घर पुढे विकत कोण घेईल?

आता हिशेब. चार वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळपास 19 टक्के. असं वचन देणाऱ्याकडून ते लिहून घ्या, देणार नाही. उलट ठेवीतले 30 लाख गेले की सात टक्क्यांनी महिन्याचे साडेसतरा हजार व्याज बंद. उरलेल्या 15 लाखांवर पावणेनऊ हजार मिळतील. त्यात तुमचं औषधपाणी तरी भागेल का?

टोकन याच आठवड्यात लेखी परत मागा, चेकची नोंद जोडा. देत नसेल तर वकिलाची नोटीस पाठवा, पण दोन लाख वाचवायला आणखी 28 लाख घालू नका. पुढे कुठलीही जागा बघाल तर आधी नगर नियोजन खात्याचा झोनिंग दाखला, मग टोकन.

ते 30 लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला साडेएकसष्ट हजार येतील.