दुखण्यावरचा पॅच: गुंगी, शेक, घाम आणि बद्धकोष्ठ

प्रश्न: वडील ७१ वर्षांचे आहेत. कॅन्सरच्या दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या चालू होत्या, आता फेंटानिल या मॉर्फिनच्याच जातीच्या, पण खूप जास्त जोरदार औषधाचा, कातडीवर चिकटवायचा '२५' चा पॅच दिलाय. पहिल्या रात्री ते कण्हतच होते, आणखी एक पॅच लावावा असं वाटलं. आता दुखणं कमी आहे, पण दिवसभर झोपून असतात. (दादर)

उत्तर: दुसरा लावला नाहीत, हे फार बरं केलंत. पॅचमधलं औषध आधी त्याखालच्या कातडीत साठतं आणि तिथून हळूहळू रक्तात झिरपतं. पहिल्या पॅचचा गुण जाणवायला १२ ते २४ तास लागतात. तोवरच्या दुखण्यासाठी लगेच काम करणारी मॉर्फिनची गोळी किती आणि किती वेळाने द्यायची, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावं. '२५' म्हणजे ताशी २५ मायक्रोग्रॅम. आकडा किरकोळ दिसतो, पण त्याचा जोर दिवसाला ६० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त मॉर्फिन पोटात घेण्याइतका असतो. वडिलांच्या शरीराला ती सवय आहे. शेजारच्या काकूंनी गुडघेदुखीसाठी तोच पॅच लावला, तर त्यांचा जीव जाऊ शकतो.

सुरुवातीचे काही दिवस पेंग येतेच. कित्येक रात्रींची झोपही राहिलेली असते. हाक मारल्यावर जागे होतात, नीट बोलतात, तर घाबरू नका. मात्र श्वास मिनिटाला दहापेक्षा कमी झाला, घोरता घोरता मध्येच थांबू लागला, ओठ निळसर पडले, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या किंवा हलवूनही जाग येत नसेल, तर पॅच काढा, १०८ ला फोन करा आणि काढल्याची वेळ लिहून ठेवा. पॅच काढला की धोका संपला असं होत नाही: कातडीतला साठा झिरपतच राहतो, रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच २० तासांच्या आसपास लागतात. नॅलोक्झोनच्या (या औषधांवरचा उतारा) इंजेक्शनने माणूस शुद्धीवर येतो, पण त्याचा असर फेंटानिलच्या आधी उतरतो. म्हणून 'आता बोलतायत ना' म्हणत लगेच घरी आणण्याची घाई करू नये.

प्रश्न: आईला ब्युप्रेनॉर्फिनचा (हेही मॉर्फिनच्याच जातीचं दुखण्यावरचं औषध) सात दिवसांचा पॅच आहे. पाठीला गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं तर चालेल का? (गोरेगाव)

उत्तर: पॅचवर किंवा त्याच्या आसपास अजिबात नको. उष्णतेने कातडीतला रक्तप्रवाह वाढतो आणि ठरलेल्यापेक्षा जास्त औषध आत जातं. आपल्या घरांत शेकणं ही मायेची गोष्ट, त्यामुळे ही चूक प्रेमापोटीच होते. हीटिंग पॅड, कढत पाण्याची अंघोळ, पॅचवर थेट पडणारं ऊनही टाळा. तापातही हेच घडतं: ३९ अंशांच्या वर ताप गेला तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा आणि गुंगीवर लक्ष ठेवा.

प्रश्न: घामाने पॅच सुटतो. लोकलमधून उतरेपर्यंत कडा उचललेल्या असतात. (मुलुंड)

उत्तर: बहुतेक वेळा चूक लावतानाच होते. जागा नुसत्या पाण्याने धुवा. साबण, तेल, पावडर, स्पिरिट काही नको. पूर्ण कोरडी होऊ द्या, पंख्याखाली दहा मिनिटं बसा, मग छातीवर, पाठीवर किंवा दंडावर लावून तळहाताने ३० सेकंद दाबून धरा. केस असतील तर कात्रीने कापा. वस्तरा फिरवलात तर ओरखड्यांतून औषध जास्त शिरतं. कडांना मेडिकलमधली कागदी चिकटपट्टी लावता येते. पूर्णच निघाला, तर दुसऱ्या जागी नवा लावा. फेंटानिलचा पॅच ७२ तासांनी बदलायचा असतो, ते ७२ तास तिथून मोजा. पॅचवर तारीख-वेळ लिहायची असेल तर ती आधी लिहा, अंगावर लावल्यावर पेन दाबू नका.

प्रश्न: मळमळ आठवड्याभरात थांबली, पण चार-चार दिवस शौचाला होत नाही. इसबगोल देतोय. (लालबाग)

उत्तर: मळमळीला शरीर सरावतं, बद्धकोष्ठाला सरावत नाही. पॅचमधल्या औषधाने आतड्याची हालचालच मंदावते. भरपूर पाणी न पिणाऱ्या रुग्णात इसबगोल फुगून तिथेच अडकून बसू शकतो, तो थांबवा. आतड्याला चालना देणारी सेना किंवा बिसाकोडिल आणि मल मऊ करणारं लॅक्ट्युलोज हे पॅचच्या पहिल्या दिवसापासून चालू असायला हवं होतं. मात्र पोट फुगलं असेल, उलट्या होत असतील किंवा वारा सरत नसेल, तर घरी जुलाब देऊ नका, रुग्णालयात न्या.

प्रश्न: फेंटानिलचा पॅच असताना टीबीची औषधं सुरू झाली आणि दुखणं परत वाढलं. (कुर्ला)

उत्तर: कारण टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन. त्यामुळे यकृत फेंटानिलचा निचरा झपाट्याने करतं. डोस डॉक्टरच वाढवतील, पण टीबीचा कोर्स संपायच्या वेळी त्यांना आठवण करून द्या. रिफाम्पिसिन थांबल्यावर तोच वाढीव डोस अंगावर येतो. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि तोंडातल्या बुरशीसाठीचं फ्लुकोनॅझोल उलटं करतात, फेंटानिल रक्तात साठू देतात. झोपेच्या गोळ्या आणि दारू यांनी श्वास आणखी मंदावतो.

प्रश्न: एका खोलीत सहा माणसं, त्यात दोन वर्षांचा नातू. काढलेले पॅच कुठे टाकायचे? (परळ)

उत्तर: तीन दिवस वापरलेल्या पॅचमध्येही लहान मुलाचा जीव घेईल इतकं औषध उरतं. काढताक्षणी चिकट बाजू आत ठेवून अर्ध्यात दुमडा, घट्ट झाकणाच्या डबीत टाका, डबी कुलपात ठेवा आणि जिथून पॅच मिळतात तिथे पुढच्या फेरीला परत द्या. नवे पॅचही त्याच कुलपात ठेवा. एकाच अंथरुणात झोपताना अंगावरचा पॅच सुटून बाळाला चिकटू शकतो, म्हणून तो पाठीवर वरच्या बाजूला लावा आणि सकाळी जागेवर आहे ना, ते आधी बघा.