विद्यापीठाच्या सीझनमधलं आधी काय बघू? माझं मत ऑपेराला

तुम्ही विचारलंय की विद्यापीठाच्या संगीत, नृत्य, नाटक आणि ऑपेरा सीझनचं वेळापत्रक हातात आलंय, चारही प्रकारांत तुम्ही नवखे आहात, तर सुरुवात कुठून करावी? आणि सगळे विद्यार्थीच असतील तर त्यापेक्षा व्यावसायिक मंडळींचं काही बघणं बरं नाही का?

पहिलं तिकीट ऑपेराचं काढा, म्हणजे जवळपास सगळं गाऊन सादर होणाऱ्या नाटकाचं. जमलं तर त्याच ऑपेराचं दुसऱ्या रात्रीचंही काढा.

बहुतेकांना भीती असते ती भाषेची. इटालियन, जर्मन येत नाही, मग कळणार काय? ती काळजी सोडा. १९८३ साली टोरांटोत कॅनेडियन ऑपेरा कंपनीने संगीतकार रिचर्ड स्ट्राउसच्या 'एलेक्ट्रा' या ऑपेराला रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी दाखवल्या. नाकं मुरडणारे होतेच, पण ही सोय बघता बघता जगभर पसरली. या ओळींना सरटायटल्स म्हणतात. शिकत असताना मी हेच काम करायचो. प्रेक्षागृहाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत पुढ्यात स्वरलिपीचं जाडजूड बाड, त्यात पानोपानी पेन्सिलीने घातलेले आकडे, एक डोळा कंडक्टरवर, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्यावर, आणि बोट पुढची ओळ दाखवायच्या बटणावर. भरभर गायच्या जागा अवघड असतील असं लोकांना वाटतं. खरी पंचाईत विनोदाची. ओळ जरा आधी झळकली की प्रेक्षक हसून मोकळे होतात आणि गाणारा बिचारा हशा ओसरल्यावर विनोद करतो. म्हणून अशी ओळ आम्ही मधेच तोडायचो आणि नेमका शब्द त्याच्या तोंडी आला की उरलेली दाखवायचो. तरीही कथानक आधी वाचून जा. ऑपेरात पुढे काय होणार यापेक्षा ते कसं गायलं जाणार याची उत्सुकता जास्त असते.

आता 'विद्यार्थीच तर आहेत' याबद्दल. विद्यापीठात ऑपेरा निवडताना लोकांना काय आवडेल हा प्रश्न नंतरचा. आधी बघतात ते यंदा आपल्याकडे कोणते गळे आहेत हे. विशी-बाविशीत आवाज पुरता पिकलेला नसतो. व्हागनर किंवा व्हेर्दी या संगीतकारांच्या ऑपेरांतल्या जड भूमिका इतक्या लवकर गायल्या तर आवाजाला इजा होऊ शकते, म्हणून शिक्षक मुलांना त्यांपासून लांब ठेवतात. मोझार्ट पुन्हापुन्हा दिसतो त्यामागे हे एक मोठं कारण. त्यात सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाच्या मुली, ढिगाने आणि टेनर, म्हणजे उंच आवाजाचे मुलगे, मोजके, ही जवळपास प्रत्येक विभागाची रड. मग पुच्चीनीचा 'सुओर अँजेलिका' मदतीला येतो. मठातली गोष्ट, एकच अंक आणि सगळ्या भूमिका बायकांच्या. त्याच्या जोडीला बरेचदा त्याचाच 'जान्नी स्किक्की' लावतात. हे दोन्ही १४ डिसेंबर १९१८ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात एकाच रात्री पहिल्यांदा झाले. 'स्किक्की' तासाभराचाही नाही. मेलेल्या माणसाचं मृत्युपत्र बदलून घ्यायला टपलेले नातेवाईक, आणि त्या सगळ्यांना पुरून उरणारा एक बेरकी माणूस. तुमच्या वेळापत्रकात हा असेल तर डोळे मिटून जा. पर्सेल या इंग्रज संगीतकाराचा 'डायडो अँड ईनिअस' असेल तरी जा. तोही साधारण तासाभरात आटोपतो, आणि १६८९च्या सुमारास लंडनजवळ चेल्सीतल्या मुलींच्या शाळेत तो झाल्याची नोंद आहे. विद्यार्थ्यांनी ऑपेरा करणं ही नवी टूम नव्हे.

दोनदा बघा म्हणालो कारण अनेक ठिकाणी मुख्य भूमिकांना दोन-दोन जण असतात. ओळीने दोन रात्री पूर्ण भूमिका गाणं गळ्याला झेपत नाही, शिवाय जास्त मुलांना संधी मिळते. शुक्रवारी एकीने रागाने फेकलेलं वाक्य शनिवारी दुसरी थकून, जवळजवळ स्वतःशीच म्हणते. नेपथ्य तेच, सूर तेच, बाई वेगळी. गाणं 'समजणं' मला तरी असंच समजलं.

आणि हो, माइक नसतो. समोर भरगच्च वाद्यवृंद वाजत असताना एकटा गळा शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचतो? योहान सुंडबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय. वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनं) आसपास सर्वांत जास्त असतो आणि वर तो उतरत जातो. कसलेले गायक, विशेषतः पुरुष, घशाची ठेवण अशी करतात की ३००० हर्ट्झच्या जवळपास आवाजाला धार येते, नेमकी वाद्यं जिथे कमी पडतात तिथे. ही धार यायला वर्षं लागतात. विद्यार्थ्यांच्या प्रयोगात कुणाला ती आलीय आणि कुणाची यायचीय, हे पहिल्या अंकातच कानाला कळतं. मला यात फार मजा येते.

व्यावसायिक प्रयोगाची सफाई इथे मिळणार नाही, ते कबूल. पण कोरस (समूहाने गाणारे) आणि वाद्यवृंद दोन्हीकडे मुलंच असल्यामुळे विद्यापीठं अशी मोठी कामं उचलतात की ज्यांचा खर्च एखाद्या छोट्या कंपनीला पेलणार नाही. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचं म्युझिकल आर्ट्स सेंटर तर १९७२ साली मुख्यतः ऑपेरासाठीच उभं राहिलं, विद्यार्थ्यांच्याच प्रयोगांसाठी.

नृत्याचा कार्यक्रम बहुधा छोट्या छोट्या रचनांचा असतो, एक रुचली नाही तर दुसरी येतेच. नाटकांत मोठ्या रंगमंचावरच्या, गाण्यानाचाच्या म्युझिकलपेक्षा लहान खोलीत होणारं, दिग्दर्शनाच्या विद्यार्थ्याने बसवलेलं काही असेल तर ते घ्या. फसलं तरी जोरात फसतं, मिळमिळीत नसतं.

वाद्यवृंदाच्या मैफलीत मात्र एक सांभाळा. सिंफनी ही वाद्यवृंदाची अनेक भागांची लांब रचना, तिचा एक भाग संपला की लगेच टाळ्या वाजवायच्या नाहीत, कंडक्टर हात खाली घेऊन वळेपर्यंत थांबायचं. ऑपेरात तसं बंधन नाही, एखादं गाणं रंगलं तर तिथल्या तिथे दाद द्या.

ऑपेरात ज्या मुलीचा किंवा मुलाचा आवाज आवडेल त्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेत बघून ठेवा आणि संगीत विभागाच्या फलकावर ते शोधा. गायनाच्या पदवीसाठी सहसा स्वतंत्र रिसायटल, म्हणजे एकट्याचा गाण्याचा कार्यक्रम, द्यावं लागतं. साधारण तासाभराचं, सोबतीला फक्त पियानो, आणि बहुतेक ठिकाणी प्रवेश फुकट. तिथे वेशभूषा नसते, प्रकाशयोजना नसते, लपायला जागाच नसते. पुढची रांग बरेचदा रिकामी असते, कारण ओळखीचे लोक संकोचाने मागे बसतात. तुम्ही पुढे बसा.