ओरिजिनल स्कंक म्हणजे काय?

प्रश्न: ॲमस्टरडॅमचा भाचा म्हणतो तिकडं गांजाचा ‘ओरिजिनल स्कंक’ मिळतो, बाकी सगळे क्रॉस. खरं काय ओ? – एक वाचक, खानापूर

उत्तर: अहो, स्कंक नंबर वन, म्हणजे मूळचा स्कंक, हाच मुळात क्रॉस! अफगाणी, अकापुल्को गोल्ड आणि कोलंबियन गोल्ड या गांजाच्या जातींचा, फक्त पुढं पिढ्यान्‌पिढ्या निवडून स्थिर केला, म्हणून बी पेरलं की साधारण तसंच झाड येतंय. आपला इंद्रायणी तांदूळ बघा की, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ चा क्रॉस, तरी मला परवा एकानं आंबेमोहर म्हणून तोच पाच किलो गळ्यात मारलाच, शिजल्यावर आंबेमोहरचा वास कुठाय! स्कंकचंही तेच, पाकिटावर नाव कुणीपण छापतंय. आणि भाच्याला सांगा, इकडं अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा आहे, बॅगेतनं काय आणू नको.