परदेशी दूतावासातल्या अधिकाऱ्याने गुन्हा केला तर पोलीस त्याला अटक करू शकतात का?

नाही. देशांमधल्या राजनैतिक संबंधांचे नियम ठरवणाऱ्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम २९ त्याबाबत अगदी स्पष्ट आहे. फौजदारी खटल्यापासूनही पूर्ण संरक्षण. दिवाणीत मात्र पळवाट बंद होते अशा काही जागा आहेत: खासगी स्थावर मालमत्ता, वारसाहक्काचे वाद, नोकरीबाहेर केलेला धंदा.

पण म्हणून त्याला रान मोकळं नसतं. हे संरक्षण खरं तर त्याच्या देशाचं असतं आणि देश ते काढून घेऊ शकतो. १९९७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये जॉर्जिया या देशाच्या दूतावासातल्या एका अधिकाऱ्याने दारूच्या नशेत भरधाव गाडी चालवली आणि एका १६ वर्षांच्या मुलीचा जीव गेला. जॉर्जियाने संरक्षण काढलं, तो अमेरिकेच्या तुरुंगात गेला. असं क्वचितच घडतं हेही खरं. एरवी यजमान देश त्याला 'अवांछित व्यक्ती' ठरवून परत पाठवतो, आणि त्यासाठी कारण द्यायचंही बंधन नाही. मायदेशी खटला चालू शकतो. तो चालवण्याची इच्छा हवी, एवढंच.

वाणिज्य दूतांना, म्हणजे व्हिसा, पासपोर्ट अशी कामं बघणाऱ्या अधिकाऱ्यांना, एवढं कवच नाही. त्यांच्यासाठीच्या १९६३ च्या वेगळ्या व्हिएन्ना करारानुसार गंभीर गुन्ह्यात न्यायालयाच्या आदेशाने त्यांना अटक होऊ शकते.