‘नीट’ नाहीतर वीस गाई : मुलापुढे हे दोनच पर्याय कशासाठी?

(वाळवा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. दोन एकर बागायत, त्यात ऊस. मुलाने दोनदा नीट दिली, पण पशुवैद्यकीयच्या प्रवेशाइतके गुण पडले नाहीत. घरी दोन पंढरपुरी म्हशी, एक संकरित गाय आणि एक कालवड. मुलाला हाच गोठा पुढे न्यायचा आहे. वडील विचारतात : तिसऱ्यांदा लातूरला नीटच्या क्लासला पाठवू, की कर्ज काढून वीस गाईंचा गोठा घालून देऊ, म्हणजे ‘एकदाची हौस फिटेल’?)

दादा,

तुमच्या पत्रात शेडचा, कर्जाचा आणि गाईंच्या किमतीचा हिशेब पान भरून आहे. मधेच एक ओळ आहे : ‘रिझल्ट लागल्यापासून आमच्यात जेवायला बसत नाही, ताट घेऊन गोठ्यात जातो.’ तिच्या पुढेच तुम्ही लिहिलंय की क्लासवर किती पैसे गेले याची त्याला रोज आठवण करून देता, म्हणजे त्याला जाणीव राहील.

ही आठवण आजपासून बंद करा. जाणीव त्याला आहे, म्हणून तर तो तुमच्यासमोर बसत नाही. पोरगं घरात असून घरापासून तुटत चाललंय, आणि तुम्ही मला शेडच्या पत्र्याचे दर विचारताय. आज रात्री त्याला जेवायला बोलवा, परीक्षेचा विषय न काढता. त्याची झोप उडाली असेल, बोलणं बंद झालं असेल, जगण्यात अर्थ नाही असं तो काही बोलला असेल, तर आधी 14416 या टेलि-मानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेला, फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. बाकीचं सगळं त्यानंतर.

तिसऱ्या प्रयत्नाबद्दल स्पष्ट सांगते : त्याने स्वतःहून मागितला तरच द्या. पशुवैद्यकीयला नीट लागते, शिरवळचं कॉलेज तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे, डेअरी टेक्नॉलॉजीला सीईटी लागते. एवढं तुम्हालाही ठाऊक आहे. पण पशुवैद्य दुसऱ्यांची जनावरं बरी करतो आणि तुमच्या मुलाला स्वतःची सांभाळायची आहेत. ही दोन वेगळी कामं आहेत. पदवी हवीच असेल तर मुक्त विद्यापीठातून गोठा सांभाळूनही करता येते.

आणि वीस गाई? मला तो पाठिंबा वाटत नाही. ती आणखी एक परीक्षा आहे, आणि ती तो नापास होईल अशीच मांडली गेली आहे. आज चार जनावरं असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या दावणीला एकदम वीस दुभत्या गाई बांधायच्या आणि पहिल्या महिन्यापासून हप्ता सुरू करायचा. गाय विण्याआधी दोन महिने आटवावी लागते, म्हणजे तिचं दूध काढणं थांबवावं लागतं. त्या दोन महिन्यांत ती खाते, दूध देत नाही, आणि बँक काही थांबत नाही. तो फसला की तुम्ही म्हणणार, बघ, सांगत होतो. असा गोठा घालू नका.

तुमच्या सगळ्या हिशेबाचा पाया एका वाक्यावर आहे : ‘चारा घरचाच, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) फुकट मिळतं.’ आपल्या ऊसपट्ट्यात हा समज घरोघरी आहे आणि गोठे तिथेच बसतात. वाढे तोडणी चालू असेपर्यंतच मिळतं; पुढे उन्हाळ्यात काय घालणार? शिवाय वाढ्यात ऑक्झलेट असतं. ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि जनावराला ते पुरेसं लागू होत नाही. नुसत्या वाढ्यावर ठेवलेली गाय आतून झिजत जाते. वाढे घाला, पण मर्यादेत, जोडीला मका, लसूणघास, कडबा असं काही आणि रोज खनिज मिश्रण. आता वीस गाईंचं गणित करा. एका गाईला दिवसाला वीस किलो हिरवा चारा धरला तर वीस गाईंना चारशे किलो, वर्षाला 146 टन. संकरित नेपिअर एकरी सत्तर टन पिकला असं धरलं, तरी तुमचे दोन्ही एकर फक्त चाऱ्यात जातात. ऊस गेला, कडबा आणि पेंड विकतच. दोन एकरांत ऊस ठेवून वीस गाई घरच्या चाऱ्यावर जगत नाहीत, दादा.

त्यापेक्षा आहे तोच गोठा एक वर्ष पूर्णपणे त्याच्या हाती द्या. दहा-पंधरा गुंठे चाऱ्यासाठी सोडा. मक्याचे दाणे चिकात असताना तो कापून त्याला मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) करू दे. चार जनावरांना पिशव्यांतला मुरघास पुरेसा आधार देतो. दर जनावराला वहीचं एक पान : माजावर (गाभण राहण्याच्या दिवसांत) कधी आलं, रेतन कधी, गाभण तपासणी कधी, आटवायचं कधी, रोजचं दूध, रोजचा खुराक. एक माज हुकला की एकवीस दिवस फुकट पोसायचं, हे त्याला वहीतूनच कळेल. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन. धार काढली की लगेच पुढ्यात वैरण टाकायची, म्हणजे जनावर अर्धा तास उभं राहतं, सडाची तोंडं मिटतात आणि दगडीचा, म्हणजे कासेच्या सुजेचा, धोका कमी होतो. घटसर्प-फऱ्याची लस पावसाळ्याआधी. त्या कालवडीकडे त्याला नीट लक्ष देऊ दे. घरची कालवड अडीच वर्षांच्या आसपास व्याली तर बाजारातून अनोळखी गाय आणण्याची जोखीम टळते. वर्षाअखेर वहीत पैसे उरलेले दिसले, तर पाचवं जनावर घ्या. विसावं नाही, पाचवं.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. पत्रात तुम्ही लिहिता, ‘सध्या मंडळीच बघतात जनावरांचं.’ म्हणजे हा धंदा घरात ज्यांना येतो त्या मुलाच्या आई. म्हशीचा माज बऱ्याचदा मुका असतो. ना हंबरते, ना उड्या मारते. तो ओळखणारी नजर क्लासमध्ये मिळत नाही, ती त्यांच्याकडे आहे. कर्जाचा निर्णय घेताना त्यांना विचारलंत का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. मुलाला शिकवायचं त्यांनी, आणि पुढची सगळी चर्चा त्या हजर असतानाच करायची.

दूध बिल दर दहा दिवसांनी कुणाच्या खात्यावर जमा होतं, हेही तुम्ही कळवलेलं नाही. तुमच्या खात्यावर होत असेल, तर खर्च वजा जाता जे उरेल त्याचे दोन वाटे करा, एक त्यांच्या नावावर आणि एक मुलाच्या, आणि हे पुढच्याच बिलापासून सुरू करा.